हौदाला लागलेला हात

हे मी बायकोलाही सांगितलं नाही. ती शेवटचं आजारपण काढत होती तेव्हा तिच्या उशाशी बसून खूपदा ओठांवर आलं, आणि प्रत्येक वेळी मी गिळलं. मग तुम्हालाच का सांगतो आहे? ठाऊक नाही. तुम्ही समोर बसला आहात, उठून जात नाही, म्हणून असेल.

इंग्रज जायच्या थोडं आधीची गोष्ट. गोंदियाला स्टेशनाजवळच्या एका धर्मशाळेत मी पाणी पाजायचो. माझ्या हातचं पाणी सगळ्यांना चालायचं — एवढीच माझी लायकी. पण तिचा माज किती! झारी घेऊन ओट्यावर उभा राहिलो की भलेभले मालगुजार माझ्यापुढे ओंजळ करून वाकायचे. वाटायचं, यांची तहान माझ्या मुठीत आहे.

अंगणात पिण्याच्या पाण्याचा मोठा बांधीव हौद होता, वर लाकडी झाकण. तो साफ ठेवणं माझं काम. पटकीची भीती म्हणून दवाखान्यातल्या कंपाउंडरनं ब्लीचिंग पावडरचा डबा दिला आणि नीट समजावलं — आधी हौद उपसायचा, आतल्या भिंतींवरचा बुळबुळीत थर काथ्याच्या कुंच्यानं घासून काढायचा, मग पावडर पाण्यात कालवून भिंतींना फासायची, थोडा वेळ ठेवून धुवायचं, मगच ताजं पाणी भरायचं. थर तसाच ठेवून पावडर टाकली तर तिचा जोर वरच्यावर संपतो, खालची घाण जिवंतच राहते. समजलं का, असंही त्यानं विचारलं. समजलं होतं. मला सगळं समजलं होतं हो.

पण आत उतरून तो चिकटा खरवडायचा कोणी — मी? पाणी पाजणारा मी? मोरी घासणाऱ्यांचं काम ते. आणि मोरी घासणाऱ्यांना तर हौदाजवळ फिरकू द्यायचं नाही! म्हणजे ज्याला उतरायची मुभा त्याला लाज, आणि जिला लाज नाही तिला मुभा नाही. मग मी काय करायचो? मूठभर पावडर वरूनच भिरकावायचो. झणझणीत वास सुटायचा. धर्मशाळेचा कारभार बघणारे मुनीमजी झाकण उचलून बघायचे, नाकाला उपरणं लावायचे आणि खूश होऊन जायचे. वास आला म्हणजे हौद साफ — त्यांचा हिशेब असा, आणि मला तो सोयीचा.

मोरी घासायची ती सुकवंता. एकटी बाई, धर्मशाळेच्या मागच्या भिंतीला टेकून तिची झोपडी. तिला पाणी मीच द्यायचो — तिनं मडकं खाली ठेवून मागं सरायचं, मग मी वरून धार धरायची. कधीकधी अर्ध्यावर मुद्दाम थांबायचो. ती वाट बघत उभी राहायची, आणि मला गंमत वाटायची. तेही सांगून टाकतो, लपवायचं कशाला आता?

त्या उन्हाळ्यात उतरलेल्या प्रवाशांना पटकी झाली. रामटेकला निघालेला एक म्हातारा आमच्याच ओसरीवर दगावला. मुनीमजींनी आम्हा सगळ्या नोकरांना अंगणात उभं केलं. मला वाटलं, आता विचारणार — हौद कधी घासला होतास? पण ते ओरडले ते वेगळंच.

"हौद को हाथ किसने लगाया?"

हात! मला आधी हसूच यायला लागलं, खरं सांगतो. कुणीच नाही लावला, मुनीमजी — तोच तर घोळ आहे! हे मनात. आणि तोंडातून काय निघालं?

"सुकवंता को देखा मैंने."

"काऊन गा भाऊ?" ती एवढंच म्हणाली. "म्या कवा हात लावला?"

"खोटी बोलून राहिली," मी म्हणालो. तिच्याकडे न बघता.

माझ्या शब्दापुढे तिचा शब्द कोण ऐकणार? तिचं मडकं फोडलं, झोपडी मोडली, तिला हाकलून दिलं. मग हौद उपसायचा हुकूम झाला, आणि आता तर मला उतरणं भागच होतं. आत पाय टेकला तसा सर्रकन घसरलो. भिंतींवर बोटभर जाड थर होता, हिरवा-काळा, पिकलेल्या केळ्याच्या सालीसारखा मऊ. घासून घासून टोपल्या भरल्या. त्या वर आल्या तेव्हा लोक तोंडावर पदर धरून म्हणाले, बघा, त्या बाईच्या हातानं काय करून ठेवलं! एका हाताच्या स्पर्शानं बोटभर थर चढतो का हो? तो चढायला किती काळ लागतो हे तिथं एकट्या मला ठाऊक होतं. मी टोपल्या वर देत राहिलो.

सुकवंताला त्यानंतर मोहल्ल्यात कुणी पाण्याची धार धरली नाही. तिची बातमी तिच्या आधी पोचत होती. भातगिरणीमागच्या बोडीचं, त्या लहानशा तळ्याचं, गढूळ पाणी ती पीत होती म्हणे. पावसाळा लागायच्या आत तिलाही पटकी झाली, आणि बोडीच्या काठीच ती मेली. ओट्यावर बातमी आली तेव्हा मी पाणीच पाजत होतो. कोणी तरी म्हणालं, पाप फळलं तिचं.

मी मान डोलावली. झारीतली धार मोडू दिली नाही.

हौद पुढं मी नेमानं घासू लागलो. चांगलं घासायचो. धर्मशाळेच्या मालक शेठनं चारचौघांत माझं कौतुक केलं, आणि मी ते घेतलं.

तिनं हौदाला हात लावला नव्हता. कुणीच लावला नव्हता. मीही नाही.