पायांकडे बघणारा पेल्तिए

अमेरिकेतल्या मेन राज्यात नदीकाठच्या गावांत हाताने लोफर जोडे शिवणाऱ्यांची एक जमात होती, आणि त्या जमातीत ओविला पेल्तिए स्वतःला पोप समजे. ओलं चामडं लाकडी साच्यावर ताणायचं, आरी टोचायची नि पंज्यावर शिवण घालायची, एवढंच काम. पण हा गडी डाव्या हातात आरी धरून असा बसे, जणू जोडा नाही, बिशपचा मुकुट शिवतोय. चर्चमध्ये त्याची मान कायम खाली. देवासाठी नव्हे हो, शेजाऱ्यांचे जोडे बघायला.

"यंत्राचा," तो बायकोच्या कानात पुटपुटे. "हा डिंकाचा. तो तर निव्वळ पुठ्ठा."

"आणि तुझं डोकं कशाचं?" अल्फोन्सीन म्हणे. तो शिवायचा त्याच कारखान्यात ती जोडे तपासून पेट्यांत भरायची.

लेक जानीनने कागद गिरणीतल्या डेल्मरशी लग्न ठरवलं. दर शनिवारी रात्री घरी बीन्सचं जेवण असे, त्याला त्याला बोलावलं आणि बापाला आधीच दम भरला, "पापा, त्याच्या पायांवरून एक शब्द काढलास, तर लग्नात तुझा हात न धरता वेदीपर्यंत मी एकटी चालत जाईन."

बीन्स संपेपर्यंत ओविलाने तोंड आवरलं. जन्मात पहिल्यांदा. मग डेल्मरने पाय लांब केले. एका लोफरची पंज्यावरची शिवण उसवून आ वासून बसली होती.

"कुठल्या खाटकाने शिवलाय हा?"

जानीनने चमचा खाली ठेवला.

"तुमच्याच कारखान्याचा आहे, मिस्टर पेल्तिए," डेल्मर ओशाळला. "तुम्हाला बरं वाटेल म्हणून घातला."

"आमचा? चामडं पुरतं भिजवलेलंसुद्धा नाही. शुक्रवारी दुपारी, एक डोळा बिअरवर ठेवून उरकलेलं काम. असल्याच्या हातात आरी नाही, खराटा द्यावा."

अल्फोन्सीनने जोडा मागून घेतला, दिव्याखाली धरला आणि सावकाश हसली. "टाके उलट्या बाजूला झुकलेत. आपल्याकडे डावखुरे किती रे, ओविला?"

एकच होता, आणि तो पावाने आधीच स्वच्छ असलेलं ताट पुसत होता.

जानीन त्याच्याकडे बघत राहिली. शेवटी तो उठला, जोडा पाण्यात बुडवला आणि मेणाचा दोरा शोधायला लागला.

"म्हणजे वेदीपर्यंत माझ्याबरोबर चालणार आहेस?" तिने विचारलं.

"चालायलाच हवं. प्रार्थनेला सगळे माना खाली घालतात. तेव्हा डेल्मरच्या जोड्यावरची ही नवी शिवण कुणाची, हे त्यांना कोण सांगणार?"