हरवलेलं गाइड
आज एका मुलीने परत केलेलं जुनं पुस्तक उघडलं, कापराचा वास आला आणि आमच्या हिंदीभाषक शहरात लक्ष्मी ताल या तळ्याजवळच्या देवळात पूजा करणारे ते मराठी काका डोळ्यांपुढे उभे राहिले. हातात त्यांच्या आईचं पाकशास्त्राचं पुस्तक, समासात तिच्या पेन्सिलीच्या टिपा. "बेटी, मुलांना मराठी समजतं, पण वाचता येत नाही. माझ्यामागे हे सीधं रद्दीत जाईल. तुमच्या विद्यापीठात ठेवून घे." मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात नोकरीला, मी नियम सांगितला: ग्रंथालयात पुस्तकं येतात ती निविदेतून, नवी कोरी, दान घेणं समितीने बंदच केलं होतं. निविदेतून आलेल्या एकाच गाइडच्या चाळीस पिवळ्या प्रती मात्र कपाट अडवून बसल्या होत्या. आमचे ग्रंथपाल नियमाचे पक्के. ते मान वर न करता म्हणाले, "पंडितजी, मेंबर बन जाइए। किताब खो जाए, तो बदले में दूसरी लेनी ही पड़ती है।" काकांनी त्याच दिवशी सभासद होऊन एक गाइड नेलं. आठ दिवसांनी आले, आईचं पुस्तक माझ्यापुढे ठेवलं आणि जमिनीकडे बघत पुटपुटले, "ते... हरवलं." खोटं बोलायची सवयच नव्हती, कानांपर्यंत लाल झाले होते, आणि खांद्यावरच्या झोळीतून गाइडचा पिवळा कोपरा डोकावत होता. ग्रंथपालांनी तो पाहिला, चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसले. काका आता नाहीत. आईचं पुस्तक आहे, मुली ते घरी नेतात. रजिस्टरात मात्र काकांच्या नावापुढे, कारणाच्या रकान्यात, माझ्याच अक्षरात लिहिलंय: सभासदाचा निष्काळजीपणा.