विहीणबाईंशी मी स्पॅनिशमध्ये बोलले

आता सांगूनच टाकते. माझ्या पिको-फॉलच्या दुकानात येणारी प्रत्येक बाई साडी पुढ्यात ठेवायच्या आधी विचारते, "काकी, ते कोलंबियात काय झालतं हो?" कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत एखादी गोष्ट लपून राहील, तर ती शिवाजी पेठ कसली? दुसऱ्यानं तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा मीच सांगते. चहा घ्या, आणि हसायचंच असेल तर जरा दम धरा.

आमची शीतल शिकायला जर्मनीत गेली. तिथं तिला मातेओ भेटला. पोरगा गुणी, पण कोलंबियाचा. म्हणजे पार दक्षिण अमेरिकेतला, आणि तिकडं सगळा कारभार स्पॅनिशमध्ये. लग्न त्यांच्या गावी ठरलं. आमची तिकिटं निघाली आणि शीतलचा फोन आला.

"आई, मातेओच्या घरच्यांना इंग्रजी येत नाही. तू काही बोलायला जाऊ नकोस. नुसतं हसायचं. बाकी मी बघते."

नुसतं हसायचं? मी? पोरीच्या लग्नात पोरीच्या आईनं दात दाखवत खुर्चीवर बसायचं?

"मी बोलणार," मी म्हटलं. "त्यांच्याच भाषेत बोलणार."

"आई, एवढ्यात कसं जमेल तुला?"

"तुला बोलायला कुणी शिकवलं? मीच की. मग मला न्हाय जमायचं व्हय?"

फोन ठेवला आणि त्याच दिवशी मोबाईलवर शिकवणी शोधली. तिथलीच बाई, तिथूनच शिकवणार. नाव कामिला. माझी सकाळ म्हणजे तिची आदली रात्र. इकडं मी आंघोळ करून ताजीतवानी, तिकडं ती जांभया देतेय. पण शिकवायची झकास. प्रवासात काय मागायचं, रस्ता कसा विचारायचा, पाहुण्यांशी काय बोलायचं, सगळं घोटून घ्यायची.

आता आमच्या घरातली सकाळ तुम्हाला माहीत आहे. मी स्पॅनिशमध्ये स्टेशनचा रस्ता विचारतेय आणि मध्येच, "अहो, कुकर बंद करा." परत स्टेशन. "अहो, दूधवाला आलाय बघा." एकदा कामिलानं विचारलं, तुमच्या नवऱ्याचं नाव काय?

झाली का पंचाईत? लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. त्यानंतर ह्यांचं नाव मी कधी तोंडातून काढलेलं नाही. हे तर शेजारीच पेपर वाचत बसलेले.

"आहो," मी सांगितलं.

"आहो?" कामिलाचे डोळे मोठे झाले.

"सी, सी." म्हणजे व्हय, व्हय.

ती गालातल्या गालात हसली, आणि मग रोज प्रेमानं विचारायला लागली, आहो कसे आहेत, आहो जेवले का. मला वाटलं, माझे उच्चार सुधारले.

निघायच्या आधी विहीणबाईंचा व्हिडिओ कॉल आला. ग्लोरिया त्यांचं नाव. बाई लाघवी. शीतल म्हणाली, थांब, मी पण कॉलवर येते. मी म्हटलं, काही गरज नाही. आम्ही दोघी विहिणी आमचं आम्ही बघू.

ग्लोरियाबाईंनी विचारलं, तुम्हाला आमच्या घरी काय काय लागेल? मोकळेपणानं सांगा.

मी काय मागणार? आपल्याला सवयी कसल्या? मी न अडखळता सांगितलं, "यो नो कोमो सिन आहो." म्हणजे अहोंशिवाय मी जेवत नाही. मग सांगितलं, आधी अहो, मग मी. आणि झोपताना अहो माझ्या शेजारी लागतात, नवीन जागेत मला एकटीला झोप येत नाही.

बाई सगळं लक्ष देऊन ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, काळजी करू नका, सगळी सोय होईल. मी फोन ठेवला आणि ह्यांना म्हटलं, "बघा. जमतंय का न्हाय?"

तिथं पोचलो. स्वागत मोठं झालं. जेवायला बसलो, तर पहिल्यांदा आलं लसणाचं सूप. मग लसणाचा भात. पावावर लसूण, बटाट्यावर लसूण, आणि माझ्या ताटाशेजारी एका वाटीत सोललेल्या पाकळ्या, वेगळ्या. मी पहिला घास घेईपर्यंत सगळं घर माझ्याकडं बघत होतं.

ह्यांना आधीच पित्ताचा त्रास. कानाशी येऊन म्हणाले, "लसूण लई खात्यात की ही माणसं."

"गप खावा. पावणं हाय आपण."

खोलीत गेलो तर पलंगाच्या उशाला लसणाची लांबलचक माळ. माझ्या उशीवर एक अख्खा गड्डा, रिबीन बांधून.

"हे काय?" हे म्हणाले.

"लग्नघराचं तोरण असंल. झोपा."

दोन दिवस आम्ही लसूण खाल्ला. ह्यांचा चेहरा उतरला, माझ्याजवळ माशीसुद्धा येईना. मग शीतल आमच्या खोलीत आली, माळ बघितली आणि सासूला विचारायला गेली. परत आली ती पोट धरून. कसंबसं पलंगावर बसत म्हणाली, "आई, इकडं 'आहो' म्हणजे लसूण."

मी उशीवरचा गड्डा उचलून बघितला.

"तू त्यांना सांगितलंस, लसणाशिवाय मी जेवत नाही. आधी लसूण, मग मी. आणि रात्री लसूण माझ्या शेजारी झोपतो. त्यांना वाटलं, कोल्हापुरात तसं व्रत असतं."

तुम्ही सांगा, ह्यात माझं काय चुकलं? लसणाला आमच्या नवऱ्यांची हाक देऊन ठेवलीय त्यांनी, आणि दोष मला?

"म्हणून सांगत होते, नुसतं हस," शीतल म्हणाली.

"न्हाय हसणार. आता तर लग्नात उभी राहून बोलणार."

"बोल. पण पप्पांचं सरळ नाव सांग, म्हणजे हा लसणाचा विषय संपेल."

तेही खरंच होतं. शीतल बापाला पप्पा म्हणते आणि तिथंही बापाला पापाच म्हणतात. त्यामुळं ह्यांचं खरं नाव त्या घरात कुणाच्या कानावर पडलंच नव्हतं.

लग्नाच्या जेवणात मी उभी राहिले. नऊवारी नेसलेली, नाकात नथ. आजूबाजूला शीतल आणि तिच्या सासरची शंभर माणसं. मी स्पॅनिशमध्ये बोलायला लागले. पोरीचं कौतुक केलं, जावयाचं केलं, जेवणाचं तर केलंच. मग ह्यांना हात धरून उठवलं. म्हटलं, आता माघार नाही. सगळ्यांसमोर ह्यांचं नाव घेतलं.

"हे माझे पती. बाबासो."

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. परत ठणकावून सांगितलं, "बाबासो. ह्यांच्या आईनंच ठेवलंय. आमच्या पेठेत ह्यांना सगळे असंच ओळखतात."

ग्लोरियाबाई उठल्या. डोळ्यांत पाणी. माझा हात दोन्ही हातांत घेऊन हळूच म्हणाल्या, "एल मिओ ताम्बिएन."

हे मात्र मला शब्द न् शब्द कळलं. माझाही.

बघा काय योग. कुठलं कोल्हापूर आणि कुठलं कोलंबिया, आणि व्याह्यांचंही नाव तेच. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. मी प्रत्येक टेबलाशी गेले आणि दोन्ही व्याह्यांकडं बोट दाखवून सगळ्यांना ते सांगितलं. माणसं हसत होती, टाळ्या देत होती, एका म्हाताऱ्या आजीनं तर माझा मुका घेतला.

शेवटच्या टेबलाशी शीतलनं मला गाठलं आणि दंडाला धरून बाजूला नेलं.

"आई, इकडं 'बाबोसो' म्हणजे लाळ गाळणारा. बावळट. बायकांकडं बघत बसणारा म्हातारा."

तोवर काय उरलं होतं? वऱ्हाडातल्या एकूण एक माणसाला मी सांगून बसले होते, "लोस दोस सोन बाबासोस." दोघेही. आणि माणसं दोन म्हटल्यावर शब्दाच्या शेवटी 'स' लागतो, तोसुद्धा न चुकता लावला होता.