खडूची रेघ

मिस्त्रींचा एक नेम होता. चाकाचा नट पान्यानं पुरता आवळला की लगेच त्यावर पांढऱ्या खडूची रेघ. रेघ आहे म्हणजे नट घट्ट, मग ब्रह्मदेव आला तरी शंका काढायची नाही. नव्या गाड्यांचे मालक त्यांच्याकडे ढुंकून बघत नसत, पण म्हाताऱ्या गाड्या तीस वर्षं त्या रेघेच्या भरवशावर येत राहिल्या.

आता गाड्यांबरोबर मिस्त्रीही जुने झाले होते. गाडीखालून निघताना आधी गुडघ्यांची मनधरणी करावी लागे. खांदा तर कधीचाच रुसला होता. कंटाळा म्हणावा तर कामाचा नव्हे, उठण्याबसण्याचाच शीण. बायको शेडच्या कोपऱ्यात शिवणयंत्र चालवायची आणि दिवसभर त्यांचं कण्हणं ऐकायची.

त्या दिवशी नर्सबाईंची गाडी आली होती. ब्रेक दाबला की किंचाळायची. मिस्त्रींनी पुढची चाकं उतरवून झिजलेले ब्रेक बदलले. नर्सबाईंना आईला घेऊन घाटापलीकडच्या मोठ्या दवाखान्यात जायचं होतं, त्यामुळे त्यांचं लक्ष सारखं घड्याळाकडे. मिस्त्री मागच्या नळावर हात धुऊन आले, किल्ली दिली, गाडी गेली.

मग ते पाणी प्यायला टेकले आणि समोर बघतात तर पाना खिळ्यावर टांगलेला. चाकं उतरवली की पाना खिळ्यावर टांगायचा, पण नट आवळून झाले की तिथेच जमिनीवर टाकायचा आणि दुकान बंद करतानाच उचलायचा, ही त्यांची जन्माची खोड. म्हणजे आज आवळायला तो काढलाच नव्हता की काय? खडू मारल्याचं लख्ख आठवत होतं. आवळल्याचं मात्र काही केल्या आठवेना. नट बोटांनी फिरवले आणि सवयीनं रेघा ओढल्या, असंच झालं असणार. घाटाचा रस्ता, गाडीत म्हातारं माणूस, आणि चाक नुसत्या बोटांच्या जोरावर बसवलेलं.

फोन लावला, उचलेना. परत लावला. मग जुन्या स्कूटरची किल्ली शोधायला खणामागून खण उपसू लागले.

"बसा खाली," बायको मशीन थांबवून म्हणाली. "आवळलेत मी. डावीकडचे चारही नुसते बोटानं लावले होते तुम्ही."

मग तिनं सगळं सांगितलं. वर्षभरापूर्वी एकदा असाच सैल नट तिच्या नजरेला पडला होता. तेव्हापासून ते नळावर गेले की ती पान्यावर पाय देऊन एकेक नट बघायची. आज घाईत पाना खिळ्यावर टांगला, तिथे फसली.

त्यांना आधी रागच आला. वर्षभर माझ्या पाठीमागे, म्हणाले, आणि तोंडातून चकार शब्द नाही?

"सांगितलं असतं तर तुम्ही त्याच दिवशी दुकानाला कुलूप लावलं असतं. मग घरी बसून माझं डोकं खाल्लं असतं."

मिस्त्रींना लाज वाटली, आणि जीव भांड्यात पडल्यामुळे डोळेही भरले.

दुपारनंतर मास्तरांची गाडी आली. चाक चढवून, नट आवळून मिस्त्रींनी खिशातला खडू काढला आणि बायकोपुढे धरला. ती वाकली. एकेक नट पान्यानं तपासत तिनं तीन रेघा मारल्या. चौथ्यापाशी थांबली.

"हा परत आवळा," ती म्हणाली.

मिस्त्रींनी तिच्या हातातून पाना घेतला आणि गुडघे टेकले.