जोसायासचं भंगार आणि आभाळातला फुगा

जोसायास माझा धाकटा दीर. आयुष्यभर त्याने साठवलं ते एकच, भंगार. उत्तर कॅनडातल्या आम्हा क्री आदिवासींच्या गावाला फक्त हिवाळ्यात रस्ता असतो, तोही गोठलेल्या तळ्यांवरून. त्या रस्त्याने ट्रक भरून येतात आणि रिकामे परततात. पण मेलेली स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावरची फटफटी, कोण परत नेणार? ती जोसायासच्या अंगणात यायची. कुणाचं मशीन बंद पडलं की माणूस न विचारता शिरायचा, हवा तो पट्टा काढून न्यायचा आणि कधीतरी दारात एखादा मासा ठेवून जायचा. विचारलं असतं तर जोसायासला राग आला असता.

माझी जाऊ झिल्पा मात्र तीस वर्षं कुरकुरली. "लोकांच्या अंगणात बर्फ पडतो, माझ्या अंगणात गंज पडतो!"

"गंज वितळत तरी नाही," जोसायास म्हणायचा.

त्यांची लेक डॉर्कस नवरा आणि पाच पोरं घेऊन त्यांच्याच दोन खोल्यांत राहायची. तिच्या नव्या घराचं लाकूड दोन वर्षं दक्षिणेत पडून होतं. त्या साली रस्ता अवेळी वितळून अठरा दिवसांतच खचला आणि मग थंडी फणफणत परत आली. म्हणून लाकूड घेऊन एका कंपनीचं वायुजहाज आलं. गॅसने फुगवलेलं, आमच्या चर्चच्या दहापट लांब. सगळं गाव तळ्यावर जमलं. पाद्रीबाबांनी तर प्रार्थनाही लांबवली.

मग कंपनीच्या साहेबाने उलगडा केला. ओझं उतरलं की फुगा हलका होऊन वर पळणार, म्हणून जेवढं उतरवायचं तेवढंच वजन भरायचं. त्यासाठी तळ्याचं पाणी ओढायचे पंप आणलेत. दक्षिणेत तालीम छान झाली होती. उन्हाळ्यात. इथे नळी गोठून काठीसारखी ताठ झाली.

"वारा उठायच्या आत वजन मिळालं नाही, तर लाकूड परत न्यावं लागेल," साहेब म्हणाला.

सगळ्यांच्या माना एकाच अंगणाकडे वळल्या. झिल्पाची आधीच वळलेली होती.

जोसायास माझ्यापाशी आला. "वहिनी, यातलं एकही मशीन मेलेलं नाही गं. नुसती निजलीत."

"आणि डॉर्कसची पोरं टेबलाखाली निजतात, ती दिसत नाहीत तुला?"

तो अंगणाकडे वळला. एकतीस मशीनं ओढत आणली. प्रत्येक चढवताना मूळ मालकाचं नाव घेत होता, मयताला आल्यासारखा. तरी वजन कमी पडून लाकडाचे शेवटचे दोन भारे अडलेच. मग त्याने आपला जुना ट्रक आणला. दर हिवाळ्यात नव्या बर्फावर पहिला जायचा तो हाच ट्रक. दार उघडं ठेवून चालवायचा, बर्फ फुटला तर उडी मारता यावी म्हणून. त्या दिवशीही जहाजापर्यंत तो दार उघडं ठेवूनच गेला.

वसंतात डॉर्कसचं घर उभं राहिलं. पुढच्या हिवाळ्याच्या पहिल्याच आठवड्यात झिल्पाची स्नोमोबाइल बंद पडली. ती सवयीने अंगणात गेली. सगळं पांढरं स्वच्छ.

"अरे, एक पट्टा हवा होता."

"गेला दक्षिणेला. मागवू. फुगा आणेल."

"कधी?"

"आपल्याकडे परत धाडायला वजन जमलं की."

 दुसऱ्या दिवशी मी बघते तर झिल्पा पाद्रीबाबांचं बिघडलेलं धुण्याचं मशीन स्वतः घसरगाडीवर ओढत आणतेय.

"बघतोस काय?" ती नवऱ्यावर ओरडली. "हात लाव! अंगण कसं भकास दिसतंय."