चांदीचं पाणी

प्रमोदिनी खेर्डेकरचे समोरचे दोन दात खोटे आहेत. खरे दात तिच्या सख्ख्या भावानं पाडले. त्याचा डावा डोळा तिनं घालवला. अमरावतीत पुष्कळांना ही गोष्ट अर्धीच ठाऊक आहे. मी तिच्याच शाळेत विज्ञान शिकवायचो, म्हणून पुरी सांगतो.

ती शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होती. बडनेऱ्याला नव्या वस्तीत तिच्या वडिलांचा फोटो स्टुडिओ होता. वडील गेले, डिजिटल आलं आणि घरामागची डार्करूम तेवढी उरली. नऊ वर्षांनी धाकट्या भावाला, अश्विनला, आई गेल्यावर तिनंच वाढवलं. स्वतः लग्न केलं नाही. शाळा सुटली की ती त्या खोलीत शिरायची. बाजारात फोटोचा कागद मिळेना, तेव्हा तिनं स्वतःच बनवायला घेतला. बिटाच्या रसानं कागद रंगवून उन्हात पानांचे ठसे उमटवले. चिखलदऱ्याच्या कॉफीत धुण्याचा सोडा कालवून फिल्म डेव्हलप करून पाहिली.

"सर, तीन महिने नुसती माती करून राहिली होती मी," एकदा ती म्हणाली. "काल एक नाक दिसलं!"

पुढे ती मिठाच्या कागदावर आली. कागद मिठाच्या पाण्यात भिजवायचा, वाळला की अंधारात त्यावर सिल्व्हर नायट्रेट फिरवायचं आणि वर निगेटिव्ह ठेवून उन्हात धरायचा. त्या द्रावणाला ती चांदीचं पाणी म्हणायची. ते कातडीवर सांडलं तर उजेडात काळा डाग पडतो. डोळ्यात गेलं तर डोळा जळतो. आमच्या पोरांना ती हे दर वर्षी बजावायची.

अश्विनला ती खोली पाडून तिथं मोबाइलचं दुकान टाकायचं होतं. घर दोघांच्या नावावर, आणि ही सही देईना. आधी शिव्या झाल्या. मग थप्पड. मग एका सकाळी त्यानं तिला केस धरून फाटकापर्यंत फरफटत नेलं. गालावरचा वळ पाहून मी विचारलं, तर म्हणाली, "कपाटाचं दार लागलं." मी पुढे काही विचारलं नाही. तिथं मी चुकलो.

२०१९च्या मार्चमधला रविवार होता. भर दुपारी अश्विन घण घेऊन आला आणि लाथ घालून त्यानं डार्करूमचं दार उघडलं.

"तू सही करतं का नाही?"

"थांब, कागद उघडे हायेत. उजेड नको येऊ देऊ."

हे ऐकून तो पिसाळला. त्यानं घणाच्या एका घावात फोटो मोठे करायचा एन्लार्जर फोडला, वडिलांच्या निगेटिव्हचे डबे पायाखाली तुडवले. ती त्याच्या हाताला लोंबकळली, तर घणाचा दांडा तिच्या तोंडावर बसला. दात फरशीवर पडले. त्यानं घण पुन्हा उचलला. तिनं टेबलावरची चांदीच्या पाण्याची वाटी घेतली आणि त्याच्या तोंडावर मारली.

"चुकून नाही," तिनं मला नंतर सांगितलं. "नेम धरून मारली."

तो गुरासारखा ओरडला आणि त्याच क्षणी तिच्यातली प्रयोगशाळेतली बाई जागी झाली. तिनं त्याची मान बगलेत पकडली, त्याला ओढत अंगणात नेलं आणि मान नळाखाली दाबली.

"डोये उघड! अश्विन, डोये उघड!"

तो तिच्या बरगड्यांत गुद्दे हाणत होता, हाताला चावत होता. त्याची बायको करिश्मा धावत आली. तिला वाटलं, नणंद नवऱ्याला बुडवून मारतेय. तिनं धुण्याची मोगरी उचलली आणि प्रमोदिनीच्या पाठीत घालायला लागली. वीस मिनिटं मार खात प्रमोदिनीनं मान सोडली नाही. उन्हात अश्विनचा अर्धा चेहरा बघता बघता काळा पडत गेला.

महिन्याभरात चेहऱ्याची काळी साल गळाली. उजवा डोळा नळाच्या पाण्यामुळे वाचला, डावा गेला. तिच्या दोन बरगड्या मोडल्या होत्या. चुलते खुशालराव मधे पडले. पाय घसरून वाटी सांडली, असं दोघांनीही पोलिसांना लिहून दिलं. घर विकलं. प्रमोदिनी नोकरी सोडून अकोल्याला भाड्याच्या खोलीत राहायला गेली.

तीन वर्षांनी करिश्मा तिच्या दारात उभी राहिली. सोबत तिची सहा वर्षांची मुलगी श्रावणी होती आणि करिश्माचा उजवा हात कोपरात मोडलेला होता.

"ताई, त्या दिवशी म्या तुमाले मोगरीनं मारलं..."

"ते राहू दे. पयले दवाखान्यात चाल."

दुसऱ्या दिवशी अश्विन आला. दार उघडेना म्हणून त्यानं खिडकीवर दगड घातला. काच श्रावणीच्या कपाळात घुसली. प्रमोदिनीनं पोलिसांना बोलावलं आणि सगळ्यांना ठाण्यात नेलं.

तिथं अश्विन ओरडला, "साहेब, हिनं माहा डोया फोडला. ते काहून नाही सांगत?"

फौजदारानं तिच्याकडे पाहिलं. करिश्मानं टेबलाखाली तिचा हात दाबला. काही बोलू नका, असं तिला सांगायचं होतं.

"खरं हाये," प्रमोदिनी म्हणाली. "म्याच फेकलं. मंग आमी खोटं लिहून दिलं. ते बी लिवा, अन् यानं काय काय केलं ते बी लिवा."

आता दोन खटले चालू आहेत, एक त्याच्यावर आणि एक तिच्यावर. तारखेला ती अकोल्याहून अमरावतीला येते. मी कोर्टात तिच्याजवळ बसतो. बाकावर पलीकडे अश्विन असतो. एकदा मी तिला विचारलं, पस्तावा होतो का?

"डोयाचं वाईट वाटते. रोज वाटते," ती म्हणाली. "पण त्यानं पुन्ना घण उचलला, तं मी पुन्ना फेकीन."

शिक्षा होईल, असं तिचा वकील म्हणतो. करिश्मा आणि श्रावणी आता तिच्याजवळच राहतात. श्रावणीच्या शाळेत पालक म्हणून करिश्माबरोबर तिचंही नाव होतं. मागच्या महिन्यात प्रमोदिनीनं ते स्वतः जाऊन काढून घेतलं.