मोठा ब्लॉक आणि लांबलेला नमस्कार

मला कुणाच्या घराचा, पगाराचा किंवा केसांचा हेवा वाटत नाही. केसांचा थोडा वाटतो. पण एका मित्राच्या इंजिनाचा मी तीन वर्षं जिवापाड हेवा केला, आणि तोही सेकंदांत मोजून.

मी निशी-कसाईचा, तो कावासाकीचा. दोघेही मूळचे पुण्याचे, आता जपानात, दोघांकडे एकाच मॉडेलच्या जुन्या अमेरिकन गाड्या. फरक बॉनेटखाली. सिलिंडर दोघांचेही आठच, पण माझा स्मॉल ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा ठोकळा लहान: आटोपशीर, हलका, वेग चढला की गाऊ लागणारा. त्याचा बिग ब्लॉक: सात लिटरचं लोखंडी धूड, पाय नुसता टेकवला तरी पाठ सीटला चिकटवणारं.

"तुझी छान आहे रे, भाजी आणायला," तो म्हणायचा.

"तुझ्या गाडीचं नाक जड आहे. वळणावर वळत नाही."

"वळायचंय कुणाला?"

दोघांच्या गाड्या एदोगावा भागातल्या एकाच म्हाताऱ्या मेकॅनिककडे. इथल्या रीतीप्रमाणे गाडी निघाली की तो रस्त्यापर्यंत येऊन कमरेत वाकून नमस्कार करतो. मला आरशात दिसायचं: मी सिग्नलला पोचायच्या आत स्वारी आत गेलेली. मित्राची गाडी मात्र कोपऱ्यावर दिसेनाशी झाली तरी म्हातारा उभाच. समोरच्या कोनबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानात, कॉफी घेऊन मी हे मोजलं. मला सात सेकंद, त्याला पन्नास.

"नमस्कार मोजतोस?" बायको म्हणाली. "बाहेर कुणाला सांगू नकोस."

मी नवा सायलेन्सर बसवला. आठ सेकंद. पुण्याहून बाकरवडी आणून दिली. म्हातारा बराच वेळ वाकला, पण बाकरवडीला.

यंदा ऑगस्टमध्ये आम्ही दोघे एकाच दुपारी तिथे होतो. मित्र आधी निघाला. म्हातारा वाकला, सरळ झाला आणि मान कलती करून उभा राहिला. मला राहवेना. विचारलंच, "त्याला एवढा वेळ का? माझं इंजिन लहान म्हणून?"

म्हातारा ओशाळला. "त्यांचं इंजिन कोंबून बसवल्यासारखं आहे. उन्हाळ्यात सिग्नलला तापतं. बंद पडलं तर ढकलायला जावं लागेल, म्हणून ऐकत थांबतो. अजून वेळ आलेली नाही."

"आणि माझं?"

"तुमचं पहिल्या गिअरलाच कळतं, ठीक आहे. आत चहा गार होत असतो."

मी गाडीत बसलो तो विजयी वीरासारखा. ती ऐट सिग्नलपर्यंत टिकली. आरशात गॅरेजचं दार रिकामं होतं. तिकडे त्या धुडासाठी एक माणूस कान लावून उभा राहतो, आणि माझ्या गुणी इंजिनासाठी चहासुद्धा थांबत नाही.

सिग्नल हिरवा झाला. मी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

मागे कुणी हॉर्न वाजवला नाही. इथे वाजवत नाहीत. मी आरशात बघत राहिलो. दार सरकलं, आणि म्हातारा हातातल्या चहाच्या कपासकट धावत येताना दिसला. बिग ब्लॉकसाठी तो कधीही धावला नव्हता.